दम घेणारं जॅकेट

जॅकेटवरून आठवलं. नामांतराचा तणाव होता तेव्हाची गोष्ट. शहरात कुणी पळताना दिसलं तरी दुकानांची शटरं खाली यायची. मी आणि फुलंब्रीचा ज्ञानदेव, दोघं वाळूजला एकाच कंपनीत. ज्ञानदेवाला हिमालयात गिर्यारोहणाच्या शिबिराला जायचं होतं, म्हणून आम्ही शहागंजात जुन्या परदेशी कपड्यांच्या एका दुकानात शिरलो.

दुकानदार चाचांनी एक जाड जॅकेट काढलं. "गरम भी रखता, पसीना भी बाहर छोडता. ये जॅकेट दम लेता, बेटा."

"दम घेतं?" ज्ञानदेव म्हणाला. "डोंगर मी चढणार आन दम ह्ये घेणार?" पण त्याला चैन पडेना. "आतून घामानं भिजलो तर बर्फात लाकूड व्हईल माझं. पळूनच बघतो." आणि जॅकेट घालून तो सुटलासुद्धा.

भर दुपारी फुगलेल्या जॅकेटात पळणारा माणूस बघून त्याच्या मागोमाग शटरं पडत गेली. पळणारा कोण हे ठाऊक असूनही चाचांनी आपलंही ओढलं, मला आत ठेवून. "जॅकेट आने तक तू इधरच."

बऱ्याच वेळानं शटर वाजलं. ज्ञानदेव जॅकेट घालूनच आत आला. चाचांनी लगेच त्याच्या कॉलरमधून पाठीवर हात फिरवला. सदरा कोरडाठाक.

"देखा? लिया ना दम?"

"जॅकेटनं नाय, चाचा," ज्ञानदेव म्हणाला. "शटरं पडाया लागली तसा मी घाबरलो आन ह्ये काढून रिक्षात बसलो. घाम वाऱ्यानं वाळला, मग दाराशी ह्ये परत घातलं. दम म्या घेतला."