हेमांगी कोण?

तुमचं बरंय रे, बायकोच्या माहेरी जायचं म्हणजे मुलुंडहून घाटकोपर. मला व्हिसा लागतो.

सासरे आजारी पडले, म्हणून मी आणि कारीन सकाळपासून तिच्या देशाच्या वकिलातीत रांगेत उभे. पाय गेले कामातून. दुपारी एकदाचा नंबर लागला. खिडकीतल्या गोऱ्या साहेबाने माझा पासपोर्ट बघितला, तिचा बघितला, मग लग्नाचा दाखला बघून शांतपणे विचारलं, "हेमांगी कोण?"

म्हटलं, "ही काय! माझी बायको."

"या कारीन आहेत. तुमच्या बायकोचं नाव हेमांगी आहे."

वाट लागली! लग्नात आईने सुचवलेलं नाव मी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं, आणि दाखल्याचा फॉर्म भरताना माझ्या काकांनी हौसेने त्यावरही तेच घातलं. आता त्या साहेबाला तांदळापासून सगळं समजावत बसलो.

तो म्हणतो, "म्हणजे हेमांगी घरी राहणार आणि तुम्ही यांच्याबरोबर जाणार?"

माझा जीवच मेटाकुटीला आला. कारीनला म्हटलं, "तू तरी बोल ना गं!"

ती तिच्या भाषेत दोनच वाक्यं बोलली. साहेबाने दाखला माझ्याकडे परत सरकवला. मग हळूच म्हणाला, "या दोघी एकच आहेत, असं वकिलाकडून लिहून आणा. व्हिसा देतो."

बाहेर आल्यावर विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं, हेमांगी माझ्या सासूची सून आहे. आजारी पडलाय तो कारीनचा बाप."