मुरलीज ड्रायक्लीनर्सची पॉलिसी

—अगं राहू दे ती फाइल, आधी अळूवडी घे. विमा कंपनीची माणसं जेवत नाहीत असं थोडंच आहे? आणि काकूच म्हण मला, मिसेस काय म्हणतेस — फोनवर तू अक्षया नाव सांगितलंस आणि मराठीत विचारलंस, ‘कधी येऊ?’, तेव्हाच मी ठरवलं, हिला जेवायलाच बोलवायचं. पुष्कर आणि त्याचा वकील येतील दुपारनंतर. पुष्कर माझा मुलगा, लंडनबाहेर बेसिंगस्टोकला असतो. त्यानं बजावलंय, आई, मी आल्याशिवाय कंपनीच्या बाईशी एक अक्षर बोलू नकोस. आता कंपनीची बाई म्हणजे कुणी गोरी असेल असं वाटलं असणार त्याला. तू तर आपली नागपूरची. आपल्या माणसाशी बोलायला वकील कशाला लागतो?

हो, हेच ते दुकान, खाली. मुरलीज ड्रायक्लीनर्स — बोर्ड अजून आहे, अक्षरं तेवढी उडालीत. आमचे हे गेले आणि शटर ओढलं ते ओढलंच. मग शेजारच्यांनी घराच्या एक्स्टेन्शनसाठी खणायला घेतलं, तर मातीला गोडसर वास — कपडे धुवायच्या केमिकलचा गं, मी तर झोपेतही ओळखेन — आणि कौन्सिलची माणसं आली, बाटल्यांत माती भरून घेऊन गेली. आता म्हणतात, आपली आणि शेजारची सगळी माती उकरून न्यायला हवी, खर्च मालकाचा. मालक म्हणजे मी. कंपनीनं भरले तर ठीक, नाहीतर हे घर विकायचं आणि मी पुष्करकडे अडगळीच्या बॉक्सरूममध्ये जायचं. सून वाईट नाही हं, उगाच कशाला बोलू — पण ती दोघं सकाळी जातात ती अंधार पडल्यावर घरी, आणि नातवाला, अपूर्वला, मराठीत काही विचारलं की तो फ्रिजमध्ये डोकं घालून ‘फाइन’ म्हणतो. इथं हॅरोत निदान खिडकीतून माणसं दिसतात, स्टेशनवरनं येणारी. बोलत कुणी नाही. मी आपली टीव्हीशी बोलते — ती हवामान सांगणारी आहे ना, तिला म्हणते, अगं बाहेर जाताना स्वेटर घाल. हसू नकोस. तुलाही सवय लागेल, एकटी राहतेस ना?

तर ही पॉलिसी. हात पूस आधी. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची, तीस वर्षं होऊन गेली, आणि तुमच्या कंपनीला स्वतःची नक्कल सापडत नाही — खरं ना? वकील म्हणाला, त्या काळच्या पॉलिसीत असं असायचं, की आपल्या हातून नकळत दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरून देणार, आणि नुकसान तेव्हाचं असेल तर ते आज उघडकीला आलं तरी चालतं. शोधा म्हणाला. शोधायचं काय त्यात? हे दर लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या वह्यांबरोबर पॉलिसीही पाटावर मांडायचे. हे बघ, कुंकवाचं बोट. पूजेतला कागद कुणी कचऱ्यात टाकतं का? देवांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये खणात गुंडाळून ठेवलेली. वकील नुसता बघतच राहिला. आता तुझ्या साहेबांना एवढंच लिहून हवंय ना, की जे झालं ते नकळत झालं? नकळतच गं. मुद्दाम कोण असलं करेल?

आणि ह्यांच्यासारखा जपणारा माणूस तर — लिही, हे लिहूनच घे — तुला शोधून सापडणार नाही. मशीनच्या टाकीला जोडापाशी गळती होती, पण ह्यांनी दुकानात थेंब सांडू दिला नाही. खाली घमेलं ठेवलेलं असायचं. दुकान बंद केलं की स्वतः उचलायचे, कामाच्या बायकांना हात लावू द्यायचे नाहीत, कातडी जळते म्हणून. आणि ओतायचं कुठं? दुसरा कुणी असता तर सरळ गटारात ओतून मोकळा झाला असता. हे म्हणायचे, अरुणा, गटार पुढं नदीला मिळतं, लोक ते पाणी पितात. म्हणून आपल्याच परसात, कुंपणाच्या कोपऱ्याला. आपली घाण, आपल्या जमिनीत. — काय? — छे गं, एकदा कसलं, रोज. नवीन मशीन येईपर्यंत. — पॉलिसीच्या आधीपासून? हो तर, आधीपासूनच. म्हणून तर पॉलिसी काढली. मला म्हणाले, उद्या हे मातीतून शेजाऱ्याकडे झिरपलं तर त्या बिचाऱ्यांना भुर्दंड नको. त्या काळात एवढा पुढचा विचार कुणी करत होतं का, तूच सांग.

घे ना अजून एक. — पेन का खाली ठेवलंस? — अशी काय बघतेस? मी काय वाईट बोलले त्यांच्याबद्दल? चांगलंच बोलले की. जे होतं तेच —

हं.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, मग नकळत कसं.

नको, लिहिलेलं खोडू नकोस. नाही, ऐक माझं — माझ्याकडे जेवलीस म्हणून खोटं लिहिशील, आणि उद्या कुणाला कळलं तर तुझी नोकरी जाईल, व्हिसा त्या नोकरीवरच असणार तुझा. आणि मी तरी काय सांगू वकिलाला? की ह्यांना काही समजत नव्हतं? चाळीस वर्षं संसार केला, माणूस डोळ्यांत तेल घालून जगला, आणि मी सांगू की अडाणी होता? पुष्कर ओरडेल. ओरडू दे. त्यानं सांगितलं होतं गं, एवढंच सांगितलं होतं, की बोलू नकोस. पण किती महिन्यांनी कुणीतरी समोर बसून ‘हो का काकू, मग पुढं?’ म्हणालं. मला थांबताच आलं नाही.

ऊठ तू. ते यायच्या आत जा. डबा भरून देते — नको? बरं, नको. पुन्हा आलीस की — नाही, आता कशाला येशील म्हणा. जिना अरुंद आहे, जपून उतर. दार ओढून घे, मी खाली येत नाही.