शाकीबचे सात कोट

नाई वं, भांडं नको मले — गाठोडं खाली ठेव आन बस अठी ओसरीवर. बोलाचं हाये म्हणून तं आवाज देल्ला तुले. आमची घरवाली परवीन बहिणीकडं चांदूर बाजारले गेली, शाकीब दुकानात हाये, दोन वाजल्याबिगर येत नाई — तेवढ्यात आपलं बोलणं व्हाले पायजे. पाणी घेतं? घे. तं केशरबाई, तीन वर्सांखाली याच ओसरीवरून तू पेटीभर कपडे नेल्ले होते, याद हाये का? गावभरचे जुने कपडे नेतं तू, मले समजते. पण हे साधे नव्हते. सात कोट. एक जांभळा मखमलीचा, बाह्यांवर चमकीचे मोर — तू हातात घेऊन म्हटलंही होतं, भाई, हे तं नवेच दिसतात, मालकाले विचारलं का? आन म्या म्हटलं, मालक मीच हाये. असंच म्हटलं. मले चांगलं याद हाये.

माह्ये नव्हते ते. माह्या लहान्या भावाचे, शाकीबचे. तू वळखतंच त्याले, शिवणकामाचं दुकान हाये. पण तो गाते — गात होता. अकोटातलं लग्न त्याच्याबिगर होत नव्हतं, आमचं असो का तुमचं. माणिकबाईच्या पोरीच्या हळदीत तं बाया त्याले उठूच देत नव्हत्या. आन गाताना घाले काय? हेच कोट, सोताच्या हातानं शिवलेले. दिवसभर लोकायच्या पॅन्टी शिवे, आन सांजच्याले आपल्या कोटावर एकेक टिकली टाके. बोटात अंगठ्या, डोयात सुरमा, उंच टाचेचे बूट. लोक आयकत बी होते आन हासत बी होते. माह्यासमोर हासत, मोठ्या भावासमोर — मले कसं वाटत असन? मंग माह्या पोरीले, तुबाले पाहाले अकोल्याचे पावणे येणार होते, आन शाकीब त्याच हप्त्यात डोयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरले गेलता. पावण्यायनं पेटी पाह्यली, हे कोणाचं म्हणून विचारलं, तं मी काय सांगू? भेव वाटलं वं. पोरीच्या बापाले लय भेव असते. तुबाले विचारलं असतं तं तिनंच माहा हात धरला असता — म्हणून तिलेही नाई विचारलं. तेवढ्यात रस्त्यावरून तुह्यी हाक आली. दोन गंज आन एक झाकणाचा डबा देल्ला तुनं. त्याच गंजातलं वरण तो रोज खाते.

तो आला तं डोयाले पट्टी. म्या सांगतलं, टिन गयलं, पेटीत पाणी गेलं, सारं सडलं, फेकून देल्लं. मे महिना होता, केशरबाई. अकोटात मे महिन्यात टिन गयलं! खोटं बोलाले बी अक्कल लागते. आन तो काय म्हणाला? "जाने दो भाईजान, पुराने हो गए थे." बस. आता दरसाल उन्हाळ्यात शिडी लावून त्या टिनावर डांबर लावते, म्हणते फिरून गयू नये. मी खालून शिडी धरतो. पण गाणं त्या दिवसापासून बंद. तुबाच्या लग्नात पांढरा शर्ट घालून लोकायले पाणी देत होता. पोट्टी म्हणे, चाचू, एक तरी — तं म्हणे, गळा बसला. तीन वर्सं झाली, बसलेलाच हाये.

आता तू म्हणशीन, आजच काहून आठोलं? सांगतो ना. जावयानं आमाले मक्केले उमऱ्याले पाठोलं, येताना टूरवाल्यानं तुर्कस्तान दाखोलं. परवीन तं खूश — दिवसभर तठल्याच सिरियली पाह्यते ते. एक दिवस समुद्राकाठचं गाव होतं, पांढरी पांढरी घरं, आन एका घरापुढं लोकायची ही लाइन. म्हटलं, कोण्या पिराची दरगाह असन. म्या रुमाल काढून डोक्शाले बांधला, चपला बी काढत होतो, तं गाइड हासला. दरगाह नाई — गवय्याचं घर! तो मेल्यावर त्याचं घर तसंच ठेवलं लोकायले पाहाले. आन काचेमांगं काय? कोट. चमकीचे, पिसांचे, खांद्यापासून जमिनीलोक. अंगठ्या. टाचेचे बूट. गाइड म्हणे, कपडे सारे सोताच कागदावर काढे. खोलीत इतकं थंड, म्या विचारलं कायले, तं म्हणे कपडा खराब होऊ नये म्हणून. कोटाले एसी, वं! माह्या घरात माणसाले कूलर पुरत नाई.

आमच्यात एक संत्र्याचा व्यापारी होता, शेंदूरजनाघाटचा. मले कोपर मारून म्हणे, ये मर्द था के औरत? आन मी हासलो. हो, हासलो — सवय हाये ना. बाजूले एक म्हातारी काचेवर हात ठेवून रडत होती, माह्या मायएवढी. तिनं माह्याकडं पाह्यलं. तिची भाषा मले येत नाई, पण ते पाह्यणं समजलं. इतकी लाज वाटली, केशरबाई — चार दिवसांखाली काब्यासमोर बसून म्या एकेक गुन्हा याद करून माफी मागतली होती, लहानपणी चोरलेल्या पेरूचीही मागतली, आन हे? हे म्या गुन्ह्यात धरलंच नव्हतं. परवीननं तठी फोटो काढले होते, ते तिच्या फोनमधून म्या मिटोले. शाकीबनं पाह्यले असते तं?

म्हणून विचारतो. एखादा तरी सापडन का? आठोडी बाजारात विकले, का कोण्या बँडवाल्यानं घेतले — तू नाव सांग, मी जातो. फाटका असन तरी चालन. त्याच्या हातात देतो आन म्हणतो, सापडला. कोठी सापडला म्हणन तं... पाहू मंग. सांगतो काहीतरी. कोट तं खरा असन ना.

काय म्हणतं? — कोण आलतं? शाकीब?

तुह्या घरी? कवा? ... पट्टी निघाली त्याच हप्त्यात. हो, गल्लीतल्या कोणी सांगतलं असन, तुले नेताना साऱ्यायनं पाह्यलंच होतं. मंग? दोन उरले होते तुह्याजवळ... मंग नेल्ले काहून नाई त्यानं? तू देत होती ना? — घडी करून ठेवले? नीट घडी केली आन तुलेच परत देल्ले?

आन काय म्हणाला? नाई, सांग. तसंच सांग, त्याच्याच शब्दात.

"भाईजानले सांगू नको मी आलतो म्हणून. त्यायले शरम वाटन."

...

काई नाई. काई नाई झालं मले, पाणी नको. तू जाय आता. त्याची गाडी आली पाह्य, लवकर आला आज — नाई, मांगच्या दारानं नको जाऊ. समोरून जाय. त्याले दिसू दे.