एका फोटोला पाच वाटा

(बदलापूरमधला सातवा मजला. नात वैष्णवी लॅपटॉपवर आजोबांच्या जुन्या नाट्यमंडळाची वेबसाइट तयार करतेय; समोर त्यांचा नाटकातला फोटो. शेजारी आजोबा धोंडिबा. आजी रखमा मेथी निवडतेय.)

धोंडिबा : एकदा टाकलास ना तो फोटो? मग परत कशाला?

वैष्णवी : परत नाही हो, आजोबा. फोटो एकच, फक्त तिकडे जायच्या वाटा वेगळ्या. कुणी नाटकाच्या नावावरून येईल, कुणी सालावरून, कुणी कलाकारावरून.

धोंडिबा : आमच्या कारखान्यात नव्हतं असलं. माणूस एक, खातं एक. पॅकिंगवाला दुसऱ्या खात्यात दिसला की सुपरवायझर हाकलायचा.

वैष्णवी : आणि तोच पॅकिंगवाला गणपतीत सावकाराची सून व्हायचा, त्याचं काय?

धोंडिबा : व्हायचा तर! काय दिवस होते गं. पाळी सुटली की तसंच तालमीला. मी रडायला लागलो की अख्खा बुवापाडा डोळे पुसायचा.

वैष्णवी : मग 'स्त्री भूमिका'मध्येपण टाकते.

धोंडिबा : तिथंच टाक. नटांतून काढ मला. बाप्ये चिक्कार होते, सून मी एकटाच.

वैष्णवी : काढायचं कशाला? दोन्हीकडे राहा ना. कसले भारी दिसताय! आणि साडी तर एकदम क्लास.

रखमा : माझी हाय ती.

वैष्णवी : तुझी?

रखमा : हिरवी इरकल. आईनं घेतलेली.

वैष्णवी : मग तू कुठे बसलीयस? प्रेक्षकांचापण फोटो आहे, त्यात तुझं नाव घालते.

धोंडिबा : ती कुठली येते! सगळी चाळ लोटायची, ही घरात. हिला नाटकाची आवडच नाही.

रखमा : कोण म्हणलं? चार बायकांत नेसून जावं अशी साडी एकच होती. ती तुमच्या अंगावर.

धोंडिबा : काय सांगतेस?

रखमा : दार लोटून बसायची मी. टाळ्या तेवढ्या ऐकू यायच्या. सकाळी साडी हातात यायची, पदराला तुमची पावडर.

धोंडिबा : अगं, दरसाल नेसलो मी ती. एका शब्दानं बोलली नाहीस.

रखमा : बोलून काय? सावकाराची सून लेंग्यावर उभी करणार होता?

वैष्णवी : आजी, तुझ्या नावाचीपण वाट करते. 'साडी : रखमा'. त्यावर बोट ठेवलं की हाच फोटो.

रखमा : कर बाई. पण फोटोत नाटक कुठं दिसतंय? मला ते बघायचं होतं.

धोंडिबा : वैष्णवी, ते टेबल मागं सार. आणि तुझी ओढणी दे इकडं.

वैष्णवी : आजोबा, गुडघे!

धोंडिबा : पहिल्या अंकात सून बसूनच रडते. रखमा, अशी समोर ये. पुढंच बस.

रखमा : थांबा, एवढ्यात पडदा उघडू नका. चांगली साडी नेसून येते.