रंधा खोलीवरच

आखातातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत, कार्गोवाल्याकडे अफशां आपल्या अम्मीचं पार्सल घेऊन रांगेत उभी होती. कानात इयरफोन होते, पण गाणं तिनं केव्हाच बंद केलं होतं. पुढे चक्क मराठी चालू होती! दारं बनवणारा सुतार मच्छिंद्र आणि त्याच्या कंपनीतले क्लार्क हाफिजभाई बोलत होते.

"एवढंसंच खोकं, मच्छिंद्र?"

"पोरीचं दप्तर आन् खजूर. दोन म्हैन्यांची तर सुट्टी. रंधा, पटाशी खोलीवरच ठिवलीय."

"तीही पाठव."

"का वो? आल्यावर दारं काय नखांनी तासू?"

"कोणाची दारं? बांधकामं थांबली. बँका शेठला पैसा देत नाहीत. शेजारची वर्कशॉपं खलास झाली, बघतोस ना?"

"पर सुट्टीचं लेटर तुमीच टाइप केलं की!"

"केलं. तिकीटही मीच काढलं, फक्त जायचं. यायचं काढू नको म्हणाला शेठ."

"माझंच?"

"सगळ्यांचं. माझंपण."

रांग पुढे सरकली. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत घाई केली. मच्छिंद्रनं आपलं खोकं काउंटरवरून परत उचललं आणि कार्गोवाल्याला विचारलं,

"भाई, इससे बड़ा डिब्बा है क्या?"