भिंतीवरची थाप

शहाडच्या दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत माझ्या पुढच्या बाकावर चाळीतले दोन शेजारी बसलेले, मीराबाई आणि तिशीतला रत्नदीप.

“मावशी, तुम्ही कशाला आलात? आज नुसता फोटोच तर काढायचाय.”

“तुझा काय भरवसा? पहिल्या वेळी डबीत नुसती थुंकी देऊन आलेलास.”

“चारचौघांत खाकरायची लाज वाटली. रिपोर्ट पण क्लीन आलेला ना!”

“रिपोर्ट क्लीन, आणि भिंतीपलीकडून खोकला तसाच. रोज संध्याकाळी ताप, पँट कमरेवर राहीना.”

“मला वाटायचं, कंपनीतल्या धुळीने होतंय. आणि तुम्ही रागाने भिंत ठोकताय.”

“रागानेच ठोकायचे. झोपू द्यायचास का?”

“पण तुम्हीच हाताला धरून परत आणलंत. सकाळी उठल्या उठल्या छातीतून बेडका काढायला लावलात, तेव्हा टीबी सापडला. नाहीतर माझं काही खरं नव्हतं, मावशी.”

“गप रे. गोळीच्या वेळी मी थाप मारली, की गोळी घेऊन तू उलटी थाप मारायचास. आज मी भिंत बडवत राहिले, तुझी थापच नाही. जीव खालीवर झाला माझा.”

“कोर्स कालच संपला ना. आज गोळीच नव्हती.”

“नसू दे गोळी. थाप मारायची.”