अडीच सेकंद

बायको: ...आणि भंगारवाला साडेचारला येतोय, पाचला नाही. तोवर तुमचं आणि चंद्राचं काय ते आटपा.

घड्याळजी: डाव्या कानाशी बोल. उजव्यात नुसती गुणगुण होते.

बायको: म्हटलं, भंगारवाला साडेचारला येतोय. तुमची ती अँटेनाची छत्री कापूनच नेणार म्हणे. अख्खी जिन्यातून उतरत नाही.

घड्याळजी: उतरेल कशी? अख्खी वर आणलीच नव्हती. इथेच गच्चीवर केली. पाइप वाकवले, जाळी ठोकली. दोन वर्षं लागली.

बायको: मला सांगताय? माझ्या कपड्यांच्या दोऱ्या गेल्या तिच्यापायी.

घड्याळजी: चंद्र कुठाय?

बायको: टाकीच्या वर. उन्हात पार फिका पडलाय. दिवसाढवळ्या चंद्राला हाका मारणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता.

घड्याळजी: छत्री फिरवायचं चाक दोन दात उजवीकडे घे. अजून एक. बस. आता हेडफोन लाव. मी ही मोर्सची कळ दाबली की आपला सिग्नल वर जाणार, चंद्रावर आपटणार आणि परत येणार. खरखरीत एक बारीक सूर...

बायको: तुमचे कान गेल्यापासून मीच ऐकतेय ना? मला नका शिकवू. दाबा.

घड्याळजी: दाबली... सोडली.

बायको: आला.

घड्याळजी: परत एकदा. दाबली... सोडली.

बायको: आला की. आज तर अगदी स्वच्छ येतोय.

घड्याळजी: हेडफोन काढ जरा.

बायको: का? काय झालं?

घड्याळजी: उद्या आपण पोराकडे राहायला जाणार. आज हे सगळं संपतंय. आज तरी खरं सांग.

बायको: म्हणजे? मी काय खोटं बोलते?

घड्याळजी: अगं, चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. सिग्नलला जाऊन यायला अडीच सेकंद लागतात. मी बोट उचलतो न उचलतो तोच तू ‘आला’ म्हणतेस. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत मी. कान गेले असतील, सेकंद कळतो मला.

बायको: कधी कळलं?

घड्याळजी: तू पहिल्यांदा ‘आला’ म्हणालीस तेव्हाच.

बायको: दीड वर्ष झालं त्याला! आणि दीड वर्ष मला इथे उन्हात येड्यासारखी बसवलीत?

घड्याळजी: दुसऱ्या दिवशी शिडी लावून वर चढलो.

बायको: या वयात? मला न सांगता?

घड्याळजी: तू बाजारात गेली होतीस. वर जाऊन बघतो तर छत्रीच्या तोंडाशी रिसीव्हरचा एक भाग असतो, तो आदल्या पावसाळ्यातल्या विजेच्या वादळात जळून कोळसा झालेला. चंद्रावरून काही आलं तरी खाली पोचणारच नाही. पुष्कळ शोधला, तो भाग आता कुठे बनत नाही. आम्ही दोघंही बहिरे झालो, मी आणि ही छत्री.

बायको: पहिले चार दिवस मी खरंच ऐकलं हो. डोकं दुखेपर्यंत ऐकलं. नुसती खरखर. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसायचात, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. बघवेना मला. पाचव्या दिवशी तोंडातून निघून गेलं, ‘आला’. त्या दिवशी तुम्ही कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलात. मग माघार कशी घेणार?

घड्याळजी: जेवलो ते तू म्हणालीस म्हणून. खरं वाटलं म्हणून नाही.

बायको: मग गप्प का बसलात?

घड्याळजी: तू वर यायला लागली होतीस. चाळीस वर्षं मी इथे एकटा. तू खालून ओरडायचीस, जेवण गार होतंय म्हणून. पहिल्यांदा मला प्रतिध्वनी ऐकू आला, तेव्हा मी धावत खाली आलो. तुला सांगायला. तू काय म्हणालीस, आठवतंय?

बायको: जिना ओला आहे, हळू या.

घड्याळजी: एवढंच.

बायको: मग होता ओला.

घड्याळजी: खरं बोललो असतो, तर तू हेडफोन ठेवून खाली निघून गेली असतीस.

बायको: गेलेच असते. दुसरं काय केलं असतं?

घड्याळजी: तेच म्हणतोय.

बायको: पोराच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंद्र दिसतो. अर्धा तास तरी दिसतो. मी बघून आलेय.

घड्याळजी: दिसून काय करायचंय?

बायको: तेही खरंच. पण तिथे तुम्ही करणार काय दिवसभर?

घड्याळजी: काय करणार? बसणार. जेवायला बोलावलं की उठणार.

बायको: असं बोलू नका. मला फार वाईट वाटतंय. आधीच यायला हवं होतं मी वर, तुमचे कान होते तेव्हा.

घड्याळजी: हो. यायला हवं होतंस.

बायको: खाली टेम्पो थांबलाय. तोच असणार. लवकर आला मेला.

घड्याळजी: हेडफोन लाव. एकदाच दाबतो.

बायको: जळक्या यंत्रातून काय येणार आहे?

घड्याळजी: काही येणार नाही. मला माहीत आहे. तू फक्त नीट ऐक, आणि असेल ते सांग.

बायको: बरं. लावला.

घड्याळजी: दाबली... सोडली.

(बायको हेडफोन कानाशी दाबून ऐकते. अडीच सेकंद जातात. खाली टेम्पोचा मागचा फाळका उघडल्याचा आवाज.)

बायको: नाही आला.

घड्याळजी: आज बरोबर थांबलीस.